किरणांची वाट हीसुद्धा देवळाचीच

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला संध्याकाळी कोल्हापुरात किरणोत्सवासाठी अंबाबाईच्या देवळातले दिवे मालवतात. महाद्वारातून मावळतीचं ऊन आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं, गणपती चौक, कासव चौक असं पुढे सरकत पितळी उंबऱ्याशी येतं. तोवर माणसं आपापसात बोलत असतात. उंबऱ्यावर ऊन चढलं की सगळी गप्प होतात. एका वर्षी माझ्यापुढे नऊवारीतल्या एक आजी उभ्या होत्या. गर्दीत त्यांना काहीच दिसत नव्हतं. दर थोड्या वेळाने त्या मागे वळून मला विचारायच्या, "पायावर आलं का गं?" मी म्हटलं, "चांदीच्या उंबऱ्यापर्यंत आलंय, आजी." मग ऊन मूर्तीपुढच्या कठड्यापाशी, कटांजनापाशी आलं, चरणांवर आलं, गुडघ्यांच्या जरा वर गेलं आणि तिथेच फिकं पडत विझलं. बाहेर आकाश निरभ्र होतं, सूर्य मावळायला अजून अवकाश होता. आजींनी हात जोडले. म्हणाल्या, "पूर्वी तोंडावर यायचं बघ."

त्या 'पूर्वी'साठी मी हे लिहिते आहे. जे देऊळ मावळतीच्या एका ठरावीक बिंदूकडे तोंड करून उभं आहे, त्याची हद्द कोटाच्या भिंतीपाशी संपत नाही. महाद्वारापासून पश्चिमेच्या क्षितिजापर्यंतची उन्हाची वाट हा त्या वास्तूचाच भाग आहे, जसा गाभारा आहे, जसं शिखर आहे. ती वाट मोजली पाहिजे, नकाशावर आखली पाहिजे आणि शहराच्या विकास आराखड्यात नोंदवून कायद्याने राखली पाहिजे. कोल्हापूरपुरतंच हे म्हणणं नाही. आकाशाकडे बघून उभारलेल्या प्रत्येक वास्तूला ते लागू आहे, आणि जगात काही ठिकाणी ते मान्यही झालेलं आहे.

आधी तारखांकडे बघा. किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, नोव्हेंबरात आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. ११ नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत मोजलं तर एकेचाळीस दिवस भरतात. २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा एकेचाळीसच. सूर्य मावळण्याची जागा जूनच्या अखेरीपासून रोज थोडी थोडी दक्षिणेला सरकत जाते, २१-२२ डिसेंबरला टोक गाठते आणि झोका परतावा तशी उत्तरेकडे निघते. त्यामुळे दोन टोकांमधल्या प्रत्येक जागी सूर्य वर्षातून दोनदा मावळतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. देवळाचा कणा त्यांतल्या एका जागेकडे रोखलेला आहे. ती जागा बरोबर पश्चिमेपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेला येते. उत्सवाच्या पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत मावळती सरकते ती सूर्यबिंबाच्या जेमतेम एका रुंदीएवढी. इतक्या अरुंद फटीतून हा सगळा सोहळा घडतो.

आता उंचीचा हिशेब. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसं दारातून येणारं ऊन आत खोल जातं आणि वर चढतं. म्हणून आधी चरण, मग कंबर, मग मुख. दारापासून पन्नास मीटर आत एखादी मूर्ती असेल, तर सूर्य एक अंश खाली आल्यावर उन्हाची वरची कड तिथे सुमारे सत्त्याऐंशी सेंटिमीटर वर चढते. अंबाबाईची मूर्ती तीन फुटांच्या आसपास आहे. म्हणजे चरण आणि मुख यांच्यातलं अंतर एका अंशात मिटू शकतं. आणि एक अंश अडवायला लागतं तरी काय? अर्ध्या किलोमीटरवर नजरेच्या पातळीपेक्षा नऊ मीटर उंच काहीही पुरे, साधारण तीन मजले. तीही पक्की इमारत असायला हवी असं नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, जाहिरातीचा फलक, जिन्याच्या डोक्यावरची खोली यांतलं काहीही चालतं. सूर्याला एक अंश उतरायला या दिवसांत कोल्हापुरात साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. ही साडेचार मिनिटं गेली की सोहळा गुडघ्यावर थांबतो.

काही जण म्हणतात, इतक्या शतकांत आकाशच बदललं असेल. आकाश बदलतं हे खरं, पण किती ते बघू या. पृथ्वीच्या आसाचा कल शतकाला सुमारे सत्तेचाळीस विकला (एका अंशात अशा छत्तीसशे) एवढा कमी होतो आहे. हजार वर्षांत हा फरक अंशाच्या आठव्या भागाइतका होतो, सूर्यबिंबाच्या रुंदीच्या पाव भागाइतका. तेवढ्याने ऊन मुखावरून गुडघ्यावर येत नाही. नोव्हेंबरातले ढग आणि हवेतली धूळ-धुकं ऊन अडवतात हेही खरं, आणि एखाद्या वर्षी दोष त्यांचाच असतो. पण निरभ्र संध्याकाळी ऊन अर्ध्यावर तुटतं, तेव्हा आड आलेलो असतो आपण. सूर्य आपल्या जागी येऊन जातो.

महाद्वारापासून रंकाळ्याच्या बाजूला वस्ती दाट आहे. अडथळ्यांच्या पाहण्या झाल्या, काही अडथळे काढलेही गेले. पण दर उत्सवाच्या तोंडावर पुन्हा तीच चर्चा सुरू होते, कारण एक टाकी उतरवली तर शेजारी दुसरी चढायला कुठे मनाई आहे? एकेका अडथळ्यामागे धावून ही वाट टिकणार नाही. तिला कायमचं नाव, लांबी, रुंदी आणि उंची हवी.

आपला वारशाचा कायदा दगडाभोवती वर्तुळ काढतो. १९५८चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा २०१०मध्ये सुधारला गेला, तेव्हा संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियमन असं ठरलं. दगड वाचवायला ही कल्पना उपयोगी आहे, आणि तिच्यामुळे पुष्कळ काही वाचलंही आहे. पण ऊन वर्तुळात येत नाही, ते एका रेषेत येतं. तीनशे मीटरच्या बाहेरची एक उंच भिंत त्या वास्तूचा अर्थ पुसून टाकू शकते आणि तिथे कायद्याला बोट ठेवायला जागा नाही. उलट बाजूला, वास्तूच्या पाठीमागे दीडशे मीटरवर कुणाला घरावर मजला चढवायचा असेल तर त्याने नियमनाच्या फेऱ्यात का अडकावं? किरणांच्या वाटेशी त्याचा काही संबंधच येत नाही. वर्तुळ एका बाजूला कमी पडतं आणि दुसऱ्या बाजूला जास्त होतं.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण दिल्लीत आहे. सवाई जयसिंगाने १७२४च्या सुमारास तिथे जंतर मंतर उभारलं. सूर्य आणि तारे यांचे वेध घेण्यासाठी दगड-चुन्यात बांधलेली ही प्रचंड यंत्रं. आज ती उभी आहेत, रंगरंगोटी होते, तिकीट काढून लोक बघतात. पण भोवतीच्या उंच इमारतींनी क्षितिज आणि आकाशाचा मोठा भाग झाकल्यामुळे तिथून पूर्वीसारखे वेध घेता येत नाहीत. वेधशाळेचं सगळं बांधकाम राखलं आणि तिचं आकाश घालवलं. विहीर बांधून काढावी, कठडा रंगवावा आणि झरा बुजवावा, तसं झालं आहे हे.

याउलट अबू सिंबेल. इजिप्तमध्ये आस्वानचं मोठं धरण होत होतं, तेव्हा दुसऱ्या रामसेसने डोंगरात कोरलेली तीन हजार वर्षांहून जुनी देवळं पाण्याखाली जाणार होती. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ती कापून हजाराहून जास्त तुकडे केले गेले आणि सुमारे पासष्ट मीटर वर व दोनशे मीटर मागे ती जशीच्या तशी जोडली गेली. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात, साठेक मीटर आत, चार मूर्ती बसलेल्या आहेत. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास उगवत्या सूर्याची किरणं तिथवर पोचतात. देऊळ हलवणाऱ्यांनी तोंडाची दिशा इतकी काटेकोर सांभाळली की ती आजही पोचतात. आख्खा डोंगर उचलताना त्यांना कळलं होतं की दगडांबरोबर ऊनही उचलून न्यायचं आहे. आपल्याला तर काहीच हलवायचं नाही. आहे ती वाट मोकळी ठेवायची, एवढंच मागणं आहे.

अबू सिंबेलच्या तारखांबद्दल एक गोष्ट सांगते, कारण या विषयात आपलंही पाऊल तिथेच घसरतं. त्यांतली एक तारीख रामसेसच्या जन्माची आणि दुसरी राज्याभिषेकाची, असं तिथे सर्रास सांगतात. पण २२ ऑक्टोबर ते २२ डिसेंबर एकसष्ट दिवस आणि २२ डिसेंबर ते २२ फेब्रुवारी बासष्ट दिवस. ही तर कोल्हापुरातली तीच जोडी झाली! जमिनीवर एक रेषा आखली की सूर्य तिला दोन तारखा आपोआप देतो. राजाच्या आयुष्यातल्या दोन मंगल दिवसांनी अशा बरोबर जोडीनं यायचं काही कारण नाही. कथा गोड आहे, पण हिशेब तिला आधार देत नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. अशा वास्तूंच्या जतनाला जितका धोका टाकीचा आणि मजल्याचा आहे, तितकाच फुगवलेल्या दाव्यांचाही आहे. 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणून टाळ्या मिळतात, पण टाळ्यांनी नकाशावर रेघ उमटत नाही. उद्या न्यायालयात कुणी विचारलं की ही वाट नेमकी किती अंशांची, कुठून कुठवर, तर आपल्या हातात मोजमाप हवं. अभिमान तिथे साक्ष देऊ शकत नाही.

मोजमाप नसलं की माणूस स्वतःलाच कसा फसवतो याचं गणित सोपं आहे. माळावर वीस दगड उभे आहेत असं धरा. त्यांतले कुठलेही दोन जोडले की एक रेषा मिळते, अशा एकशे नव्वद रेषा होतात. प्रत्येक रेषेकडे दोन्ही टोकांनी बघता येतं, म्हणजे तीनशे ऐंशी दिशा. क्षितिजाचे अंश तर तीनशे साठच. मग त्यातली एखादी दिशा उगवत्या सूर्याशी, एखादी चंद्राशी, एखादी व्याधाच्या ताऱ्याशी जुळली तर नवल काय? नवल तेव्हा, जेव्हा वास्तूचा मुख्य कणाच जुळतो, किंवा एकाच जातीच्या अनेक वास्तू एकाच दिशेकडे बघत असतात. मेक्सिकोतल्या चिचेन इट्झाच्या पिरॅमिडवर विषुवदिनी सापाची सावली उतरते म्हणून हजारो माणसं जमतात. दृश्य खरोखर देखणं आहे. पण ती सावली विषुवदिनाच्या मागेपुढे बरेच दिवस जवळजवळ तशीच दिसते, त्यामुळे तिच्यावरून नेमका तोच दिवस धरला होता असं म्हणता येत नाही. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचं मात्र तसं नाही. त्याच्या बाजू खऱ्या उत्तरेपासून अंशाच्या साधारण पंधराव्या भागाइतक्याच ढळलेल्या आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वी, होकायंत्राशिवाय. ताऱ्यांकडे किंवा सावलीकडे धीराने बघत बसल्याशिवाय ही अचूकता येतच नाही. हा पुरावा आपल्या पायावर उभा राहतो.

मराठीत तर या शिस्तीची परंपरा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६चा. 'कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत' या अर्थाचं शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं वाक्य त्यांनी धरलं आणि कृत्तिका बरोबर पूर्वेला कधी उगवत असतील ते गणिताने मागे जाऊन काढलं. पुढे त्या वाक्याच्या अर्थावरून वाद झाले, आजही होतात. वाद होऊ शकले, कारण दीक्षितांनी आपला हिशेब उघड्यावर मांडला होता. ज्याला पटत नव्हतं त्याला कुठे बोट ठेवायचं ते कळत होतं. या विषयावर मराठीत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी तेवढं तरी पाळावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि हिशेब करायचा तर वास्तू जागेवर असावी लागते. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शेकडो शिळावर्तुळं आहेत. दफनाच्या जागा त्या. काही वर्तुळांतल्या ठरावीक दगडांवर वाटीसारखे खोलगट खळगे ओळीने कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद झाली होती. अलीकडच्या अभ्यासकांनी हे खळग्यांचे दगड वर्तुळात कुठल्या दिशेला आहेत ते मोजलं आणि सूर्याच्या उगवतीशी त्यांचा संबंध असावा असं मांडलं. हे पटो न पटो, तपासून बघायचं तर दगड होता तिथेच हवा. मुरूम उपसताना, प्लॉट पाडताना, शेत सपाट करताना दगड दहा हात सरकला की त्याचं वजन तेच राहतं, त्यावरचे खळगे तेच राहतात, फक्त तो कुठे बघत होता ते कायमचं जातं. मोडक्या मूर्तीचे तुकडे जोडता येतात, सरकलेल्या दगडाची दिशा परत आणता येत नाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या चाको कॅन्यनच्या एका सुळक्यावर हेच घडलं. तिथे तीन शिळांच्या फटीतून येणारा उन्हाचा पातळ कवडसा कातळावर कोरलेल्या सर्पिल आकृतीला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी बरोबर मधोमध छेदायचा. १९७७मध्ये हे लक्षात आलं. मग बघायला माणसं आली, पायांनी माती झिजली, शिळा सरकल्या, आणि १९८९मध्ये कळलं की कवडसा आता जागेवर पडत नाही. हजारेक वर्षं टिकलेली गोष्ट उजेडात आल्यावर बारा वर्षांत मोडली. आपल्याकडे अशा जागा प्रसिद्ध करण्याआधी तिथे माणसं किती आणि कशी जाणार हे ठरवायला हवं. आयर्लंडच्या न्यूग्रेंजमध्ये ते ठरवलेलं आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या थडग्यात डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे, दारावरच्या खास झरोक्यातून ऊन आत जातं आणि सतरा मिनिटं थांबतं. आत जायचा मान चिठ्ठ्या टाकून मोजक्याच लोकांना मिळतो.

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजशेजारचा हमरस्ता बोगद्यात घालायची योजना बरीच वर्षं गाजली. तिच्या आखणीत बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड हिवाळ्यातल्या मावळतीच्या रेषेत येत होतं, म्हणून २०१७मध्ये आखणी बदलावी लागली. पुढे २०२४मध्ये खर्चापायी योजनाच गुंडाळली गेली, पण सरकारी रस्त्याला मावळत्या सूर्याकरता वाट वाकडी करावी लागली, ही नोंद राहिली. पेरूमधल्या चांकियोला तर युनेस्कोने २०२१मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. डोंगराच्या धारेवर दक्षिणोत्तर बांधलेले तेरा बुरूज. ठरलेल्या जागी उभं राहिलं की वर्षभर सूर्य या बुरुजांच्या ओळीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना दिसतो आणि तारीख कळते. तेवीसशे वर्षांपूर्वीचं हे पंचांग. तिथे शेजारचा एक नैसर्गिक डोंगरही दिनदर्शक खूण म्हणून वेधशाळेचा भाग मानलेला आहे. त्या डोंगरावर माणसाच्या हातचा चिराही नाही. क्षितिज हे स्मारक असू शकतं, हे तिथे कागदावर मान्य झालं.

'हे परदेशात ठीक आहे, आपल्या गल्लीबोळांच्या शहरात शक्य नाही' असं मला अनेकांनी सांगितलं. मग विमानतळाचं काय करतो आपण? धावपट्टीच्या टोकापासून वर चढत जाणारा एक अदृश्य उतार हवेत धरलेला असतो. त्याच्या वर डोकं काढायला घराला, मनोऱ्याला, झाडालाही मनाई असते. कित्येक किलोमीटर अंतरावरच्या माणसाला बांधकामाआधी उंचीचा ना-हरकत दाखला आणावा लागतो. रंगीत नकाशे ठरलेले असतात. उजळाईवाडीच्या विमानतळाभोवती कोल्हापूरकरही हे नियम पाळतात आणि त्यात कुणाला काही अतर्क्य वाटत नाही. किरणांच्या वाटेला नेमका असाच एक तिरका, अरुंद पट्टा पुरेल, तोही विमानतळाच्या मानाने चिंचोळा. दिशा माहीत, वर्षातले दिवस माहीत, सूर्याची उंची माहीत. कुठल्या गटात किती मीटरच्या वर जायचं नाही, हे मोजणी करणारं पथक थोड्या दिवसांत काढून देईल. लंडनमध्ये रिचमंड पार्कमधल्या एका टेकाडावरून सोळा किलोमीटरवरचा सेंट पॉलचा घुमट दिसतो. ते दृश्य नियोजनाच्या नियमांनी राखलेलं आहे. नुसत्या बघण्याकरता सोळा किलोमीटर राखता येतात, तर मग रंकाळ्यापर्यंतची वाट का नाही?

त्या वाटेवर घरं असलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न मात्र मी झटकून टाकू शकत नाही. त्यांतल्या अनेकांच्या पिढ्या तिथे गेल्या. कुणी कर्ज काढून मजला चढवला, कुणाच्या घरात पाण्याचा दाब नाही म्हणून टाकी उंचावर गेली. त्यांना परवानगी देणारी यंत्रणा होतीच, आणि त्या वेळी तिच्या नकाशावर ही वाट नव्हती. मग आज सगळा भार त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. चढवता न येणाऱ्या मजल्याचा मोबदला टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम-हक्काच्या रूपाने देता येतो, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. टाकी बसकी करून जास्त दाबाचं पाणी द्यायचा खर्च पालिकेने उचलावा. फलक आणि शेड तर विनामोबदला खाली यायला हवेत, त्यांनी कुणाचं घर चालत नाही. जिथे पक्कं बांधकाम आड येतं तिथे पाडापाडीची घाई नको. ती इमारत जेव्हा पुनर्बांधणीला येईल तेव्हा नवी उंची लागू करावी. वीस-तीस वर्षं लागतील. देवळाने हजारेक वर्षं काढली आहेत.

आणखी एक आक्षेप दोन टोकांकडून येतो. एक म्हणतो, ही श्रद्धेची गोष्ट, तिथे अंश आणि कोन कशाला? दुसरा म्हणतो, ही अंधश्रद्धा, सरकारने तिच्यासाठी घरांच्या उंचीवर बंधन का घालावं? मला दोघांनाही एकाच संध्याकाळी महाद्वारात उभं करावंसं वाटतं. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या आजींना ऊन पाहिजे आहे आणि सूर्याची गती मोजणाऱ्या मुलालाही तेच ऊन पाहिजे आहे. ते अडलं की दोघांचंही अडतं.

आमच्या शाळेच्या गच्चीवर मी दरवर्षी सातवीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घेते. यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन शुल्बसूत्रांत पूर्व दिशा काढायची रीत दिली आहे. सपाट जागी शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायची. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आखडत आखडत वर्तुळाला शिवेल तिथे खूण, दुपारनंतर लांबत लांबत पुन्हा शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. बांबू, सुतळी आणि खडू, दुसरं काही लागत नाही. दुसरी खूण पडेपर्यंत मुलं काठीभोवती उकिडवी बसून राहतात, आणि रेषा जोडली की मोबाइलमधल्या होकायंत्राशी ताडून बघायला सगळ्यांची झुंबड उडते.

गेल्या वर्षी रेषा आखून झाल्यावर आम्ही कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उंचीचा कोन मोजायचं साधन केलं. मुलांना सांगितलं, रेषेच्या पश्चिमेच्या टोकाकडे बघा आणि आकाश कुठून सुरू होतं तो कोन लिहा. शेजारच्या इमारतीच्या कठड्यावर अकरा अंश भरले. एक मुलगा बराच वेळ वहीत काहीतरी करत बसला होता. तासाला किती अंश सूर्य उतरतो ते त्याने मला आधी विचारून घेतलं होतं. मग वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, म्हणजे आपल्या शाळेचा सूर्य पाऊण तास आधीच मावळतो." मी हिशेब तपासला. बरोबर होता. त्याने खाली तारीख घातली, इमारतीच्या मजल्यांची संख्या लिहिली आणि विचारलं, "देवळाच्या दारातून किती भरतील? नऊ नोव्हेंबरला जाऊन मोजू या का?"